विश्लेषण : ताटासोबत ‘गाव’ही वाढता येते का? रायगडच्या वाटेवरील ‘थीम डिनर’चा हिशेब

रायगड पाहायला आलेल्या बहुतेक कुटुंबांचा दिवस संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास संपतो. रोपवेने किंवा पायऱ्यांनी खाली यायचे, पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी हात जोडायचे, चहा घ्यायचा आणि कोंझर, नाते ही गावे मागे टाकत नातेखिंडीतून मुंबई-गोवा महामार्गाला लागायचे. मागच्या सीटवरची मुले विचारतात, ‘आता पुढे काय?’ पुण्या-मुंबईच्या आसपास या प्रश्नाला अलीकडे एक तयार उत्तर मिळते, ते म्हणजे ‘थीम डिनर’. तिकीट काढा, सजवलेल्या गावात शिरा, नाच-गाणी पाहा आणि जेवून घरी जा. उद्या रायगडच्या वाटेवरही हेच उत्तर मिळणार असेल, तर ते कसे असावे याचा विचार आजच केलेला बरा. कारण या वाटेवर इतिहासही खरा आहे आणि गावेही खरी आहेत.

‘थीम डिनर’ म्हणजे नेमके काय?

हॉटेलात जेवणाचे पैसे द्यावे लागतात, नाट्यगृहात खेळाचे. थीम डिनरमध्ये दोन्हींचे मिळून एकच तिकीट असते आणि त्यात तिसरीही एक गोष्ट विकली जाते. ती म्हणजे काही तास दुसऱ्याच काळात किंवा दुसऱ्याच गावात असल्याचा भास. भारतात याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण म्हणजे ‘चोखी ढाणी’. १९८९ मध्ये जयपूरजवळ सुरू झालेल्या या राजस्थानी गावाच्या देखाव्यात कठपुतळ्या, लोकनृत्य, उंटाची फेरी आणि मांडी घालून जेवण असे सारे एकाच आवारात मिळते. पुढे हा प्रयोग इतर शहरांतही गेला. पुण्याजवळ वाघोलीलाही तो पोहोचला आणि मराठी कुटुंबे दाल-बाटी खायला तिथे जाऊ लागली.

अमेरिकेत ‘मिडीव्हल टाइम्स’ नावाची साखळी आहे. मूळ स्पेनमधली ही कल्पना १९८३ मध्ये फ्लोरिडात पोहोचली. तिथे प्रेक्षक काट्या-चमच्यांशिवाय हाताने जेवतात आणि समोर घोड्यावरचे सरदार लढतात. आपल्याकडे हाताने जेवण्यासाठी कुणी तिकीट काढणार नाही. पण तिथल्या मुलांना त्यातच सर्वांत जास्त मजा वाटते. एकाच्या घरातली रोजची सवय दुसऱ्यासाठी खेळ होते, हेच या धंद्याचे मर्म आहे.

कुटुंबे अशा ठिकाणी का जातात?

याचे उत्तर हिणवण्यासारखे नाही. तीन पिढ्यांना एकत्र रमवील अशी जागा आज सहज सापडत नाही. नाटकात लहान मूल कंटाळते, मॉलमध्ये आजोबा कंटाळतात आणि साध्या हॉटेलात सगळेच फोन काढून बसतात. थीम डिनरमध्ये मुलांना पळायला अंगण मिळते, आजी-आजोबांना ‘आमच्या वेळी असे होते’ असे सांगायला निमित्त मिळते आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईला एक संध्याकाळ सुट्टी मिळते. ज्यांचे गाव सुटून दोन पिढ्या झाल्या, त्यांच्या मुलांना चूल, जाते, पाटा-वरवंटा पहिल्यांदा अशाच ठिकाणी दिसतो. त्यामुळे प्रश्न ‘जावे की नाही’ हा नाही. तिथे आपल्याला काय दाखवले जाते आणि आपल्या पैशातून कोण जगते, हा खरा प्रश्न आहे.

मग रायगडाजवळ ‘शिवकालीन भोजन’ का नको?

कारण पहिली कल्पना तीच सुचणार आहे. तुतारी, मशाली, दाराशी भालदार-चोपदार, डोक्याला पागोटे बांधून वाढणारे ‘मावळे’ आणि ताटात ‘शिवकालीन थाळी’. दिसायला हे देखणे होईल. पण ६ जून १६७४ रोजी जिथे राज्याभिषेक झाला, त्या गडाच्या पायथ्याशी मावळ्याचा वेश म्हणजे वाढप्याचा गणवेश झाला, तर मुलांच्या मनात काय राहील? मावळा म्हणजे शेत सोडून तलवार धरणारा शेतकरी की पाण्याचा ग्लास भरून मुजरा करणारा नोकर? पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसरेंची समाधी आहे. ती पाहून आलेल्या मुलाला त्याच संध्याकाळी हा दुसरा मावळा दाखवणे योग्य नाही.

दुसरी अडचण ताटातच आहे. बटाटा, टोमॅटो, मिरची, शेंगदाणा आणि मका ही सारी मूळची अमेरिका खंडातली पिके आहेत. समुद्रमार्गे युरोपीयांनी ती इकडे आणली. बटाटा आणि टोमॅटो मराठी घरात रोजचे झाले, ते तर इंग्रजी अमदानीत. बटाट्याची भाजी, टोमॅटोची आमटी आणि शेवटी चहा असलेल्या ताटाला ‘शिवकालीन’ म्हणणे म्हणजे पाटीवर इतिहास लिहून ताटात वर्तमान वाढणे होय. हे ताट चवीला चांगले असेलही. पण त्याला खोटे नाव देण्याची गरज नाही.

शिवचरित्र कुटुंबासह पाहू नये, असा याचा अर्थ नाही. बाबासाहेब पुरंदरे यांचे ‘जाणता राजा’ हे महानाट्य हजारो कुटुंबांनी मैदानात बसून पाहिले. तिथे घोडे होते, हत्ती होता, झगमगाटही होता. पण प्रेक्षकांचे सारे लक्ष खेळाकडे होते. इतिहास जेवणाच्या पार्श्वसंगीतासारखा वाजत नव्हता. भाकरी मोडता मोडता राज्याभिषेक पाहायचा की राज्याभिषेक नीट पाहून मग भाकरी मोडायची, हा फरक वाटतो तेवढा किरकोळ नाही.

मग ‘जुने गाव’ ही थीम तरी निर्धोक आहे का?

तीही पूर्ण निर्धोक नाही, आणि महाडइतके हे सांगण्याचा अधिकार क्वचितच दुसऱ्या गावाला असेल. थीम गावात सारे एका पंगतीला बसतात. मातीच्या घड्यातले पाणी सर्वांना मिळते. खरे जुने गाव असे नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले, ते पाणी सर्वांचे नव्हते म्हणूनच. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार असल्याची अफवा उठली आणि परिषदेच्या मांडवात जेवणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ला झाला. शिजवलेले अन्न मातीत मिसळले गेले. ताट आणि पाणी यांचा हा इतिहास नातेखिंडीपासून हाकेच्या अंतरावर घडला आहे.

म्हणून ‘पूर्वी कसे सगळे मिळून-मिसळून राहत होते’ असे निवेदन जिथे चालू असेल, तिथे मुलांना घरी परतताना दुसरी बाजूही सांगावी. थीम डिनरची पंगत जुन्या गावातली नसते, ती आजची असते. तिकीट काढलेला कुणीही कुणाच्याही शेजारी बसतो. ही उणीव नाही, ही त्या पंगतीची सर्वांत चांगली बाजू आहे. जुनेपणाचा आव आणून ती लपवण्याचे कारण नाही.

तिकीट लावले की लोककला बाटते का?

हा आक्षेप नेहमी घेतला जातो, पण कोकणचा अनुभव वेगळे सांगतो. गौरी-गणपतीत अंगणात नाचली जाणारी जाखडी आणि शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब चाकरमान्यांसोबत मुंबईला गेले. परळचे दामोदर नाट्यगृह हे अनेक वर्षे कोकणी लोककलांचे हक्काचे ठिकाण होते. गिरणगावातल्या माणसांनी तिकिटे काढून आपल्याच गावची नमने आणि जाखडी पाहिली. तिकिटाने त्या कलेला कमीपणा आला नाही. उलट गावाबाहेर तिला मंच मिळाला.

कमीपणा येतो तो वेगळ्या कारणाने. लोक जेवत असताना कोपऱ्यात नाचायला लावले, गाणे मध्येच थांबवून वाढदिवसाचा केक कापला, शाहिराचे नावही कुणाला सांगितले नाही, की कलावंताचा वेटर होतो. दामोदरमध्ये प्रेक्षक शाहिराच्या नावावर तिकीट काढत. थीम डिनरमध्ये बहुधा कुणाला त्याचे नावही ठाऊक नसते.

ही कुरबुर जगभर आहे. ‘मिडीव्हल टाइम्स’च्या न्यू जर्सीतल्या सरदार-राण्यांनी जुलै २०२२ मध्ये संघटना करण्याच्या बाजूने मतदान केले आणि कॅलिफोर्नियातले कलाकार २०२३ मध्ये संपावर गेले. मागण्या वेतनाच्या आणि सुरक्षिततेच्या होत्या. घोड्यावरून पडण्याचा धोका खरा असतो, फक्त लढाई खोटी असते. प्रेक्षकांना राजवाडा दिसत होता. आत काम करणाऱ्यांना तो कारखाना वाटत होता.

नाते परिसराकडे स्वतःचे असे काय आहे?

हिवाळ्यात रायगड जिल्ह्यात कुठल्याही सजावटीशिवाय एक ‘थीम डिनर’ शेतात रंगते. ती म्हणजे पोपटी. भात कापून झाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल येतो. शेंगा भरल्या की मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मधे अंडी, कोंबडी किंवा शाकाहाऱ्यांसाठी बटाटे, रताळी, कांदे. वरून पुन्हा पाला दाबून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. तेल नाही, पाणीही नाही. मडक्यावर पाण्याचे थेंब शिंपडल्यावर चर्र आवाज आला की पोपटी झाली. कागदावर ओतलेल्या गरम शेंगांभोवती सगळे बसतात आणि सोलत-सोलत गप्पा होतात. यात बटाटा आहे. पण पोपटी स्वतःला कधी शिवकालीन म्हणवत नाही.

पोपटीत खेळ आणि जेवण वेगळे नसते. मडके भरणे, जाळ सांभाळणे, थेंब टाकून पाहणे, सगळ्यात मुलांचा हात लागतो. ‘आमचा मुलगा वाल खाणार नाही’ असे म्हणणाऱ्या आईच्या डोळ्यांदेखत तो दहा शेंगा सोलून संपवतो, कारण त्या त्याने स्वतः मडक्यात घातलेल्या असतात. मुलांना रमवायला भाड्याचा उंट लागत नाही.

हवाई बेटांवरच्या ‘लुआउ’ची गोष्ट याच्याशी जुळते. तिथेही जमिनीत खड्डा करून, तापलेल्या दगडांवर पानांत गुंडाळलेले डुक्कर भाजतात. १८१९ मध्ये तिथल्या राजाने स्त्री-पुरुषांनी एकत्र न जेवण्याचा जुना निर्बंध मोडला आणि सर्वांनी मिळून जेवण्याची मेजवानी रूढ झाली. पुढे पर्यटक आले, तिकीट आले, त्याबरोबर नकली गवताचे घागरेही आले. पण काही ठिकाणी वेगळा मार्गही निघाला. ओआहू बेटावरच्या पॉलिनेशियन सांस्कृतिक केंद्रात १९६३ पासून शेजारच्या विद्यापीठातले विद्यार्थी काम करतात आणि त्यातून शिक्षणाचा खर्च भागवतात. घरची मेजवानी विकली गेली तरी तिचा पैसा कुणाच्या तरी शिक्षणाला लागला, एवढे तरी म्हणता येते.

महाड-पोलादपूरकडे पोपटीबरोबर तांदळाची भाकरी आहे, नाचणी आहे, कुळथाचे पिठले आहे. शिमग्याची पालखी आहे. महाशिवरात्रीला वीरेश्वराच्या छबिन्यासाठी गावोगावचे देव पालख्या घेऊन महाडला पाहुणे येतात. मात्र पालख्या आणि छबिना ही तिकिटावर दाखवण्याची गोष्ट नाही. देवाची तारीख पर्यटकाच्या सोयीने ठरत नसते. ज्यांना पाहायचे त्यांनी त्या दिवशी यावे. जाखडी आणि पोवाडा मात्र कलावंतांच्या मर्जीने कधीही सादर होऊ शकतात. काय दाखवायचे आणि काय दाखवायचे नाही, हे गावानेच ठरवले पाहिजे.

तिकिटाच्या पैशाचा हिशेब कसा असावा?

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री झालेल्या चिंतामणराव देशमुखांचा जन्म १८९६ मध्ये नाते येथे झाला. त्यांच्या गावात तरी हिशेब मांडूनच बोललेले बरे. उदाहरणादाखल ८०० रुपयांचे तिकीट आणि ६० पाहुणे धरले, तर एका संध्याकाळची जमा ४८,००० रुपये होते. जाखडीच्या संचात गायक, वादक, नाचे मिळून १५ जण असतील आणि प्रत्येकाला ३०० रुपये दिले, तर ४,५०० रुपये, म्हणजे जमेचा दहावा हिस्साही नाही. प्रत्येकी १,००० रुपये दिले तर १५,००० रुपये, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा. उरलेल्या ३३,००० रुपयांत वाल, कोंबड्या, स्वयंपाक, जागा आणि नफा बसवायचा. हे अवघड आहे, पण अशक्य नाही. जागा गावाची, स्वयंपाक बचत गटाचा आणि शेंगा शेजारच्या शेतातल्या असतील, तर त्यातला बहुतेक पैसा गावातच राहतो. मालक बाहेरचा, आचारी बाहेरचा, कलाकार कंत्राटी आणि फक्त झाडलोटीला गावचा माणूस असेल, तर दिवे नात्यात लागतील आणि पैसा दुसरीकडे जाईल.

अशी स्वतःच्या अंगणातली वाट महाराष्ट्रात नवी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी गोठ्याच्या जागेत ठाकर आदिवासी कला आंगण उभे केले आणि चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या तिथेच दाखवायला सुरुवात केली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे पाहुणा कलावंताच्या घरी येतो, कलावंत पाहुण्याच्या टेबलाशी जात नाही. सारा फरक एवढाच आहे आणि तोच सर्वांत मोठा आहे.

व्यवहारातल्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. पोपटीचा हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. पावसाळ्यात महाडला पुराची आणि डोंगराळ वाड्यांना दरडींची धास्ती असते. २२ जुलै २०२१ रोजी तळीये गावावर कोसळलेली दरड कुणी विसरलेले नाही. त्यामुळे हा शेतीला जोडधंदाच राहील, बारमाही उद्योग नाही. उघड्यावरचा ध्वनिवर्धक रात्री दहानंतर कायद्याने बंद करावा लागतो, आणि जाखडीला तो लागतही नाही. संरक्षित स्मारकापासून पहिल्या १०० मीटरमध्ये बांधकामाला मनाई आहे आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. गडाच्या पायथ्याशी गर्दी करण्यापेक्षा नात्यासारखे वाटेवरचे गाव म्हणूनच अधिक सोयीचे ठरते. गडावर शांतता राहते आणि गावाला संध्याकाळ मिळते.

तिकीट काढण्यापूर्वी कुटुंबाने काय पाहावे?

आधी साधे प्रश्न विचारावेत. तिकिटात जेवण किती वेळा वाढले जाते, मुलांचे तिकीट वयावर आहे की उंचीवर, फोटोचे वेगळे पैसे आहेत का, मांडी घालता न येणाऱ्या आजोबांना खुर्ची-टेबल मिळेल का, स्वच्छतागृह कुठे आहे. त्यानंतर आणखी तीन प्रश्न, जे सहसा कुणी विचारत नाही. आज कोण गाणार आहे, त्याचे नाव काय आणि कलावंत कुठे जेवतात.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कलावंतांचे ताट आत मुदपाकखान्यामागे, उरल्या-सुरल्याचे असेल, तर बाहेरचे गाव कितीही सजलेले असो, पाहुण्यांनी पैसे मोजून पाहिला तो जुना भेदच. खेळ संपल्यावर शाहीर, ढोलकीवाला आणि पोपटीचा जाळ सांभाळणारी बाई पाहुण्यांच्याच पंगतीला बसत असतील, त्याच शेंगा सोलत असतील, तर कुटुंबाला खरोखर नवे काही पाहायला मिळाले. चवदार तळ्याच्या शहराजवळ निदान एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

‘आता पुढे काय?’ या मुलांच्या प्रश्नाला रायगडच्या वाटेवर चांगले उत्तर मिळू शकते. त्यासाठी राजवाड्याचा पुठ्ठ्याचा दरवाजा लागत नाही. एक शेत, एक मडके, वालाच्या शेंगा, पायात चाळ बांधलेले गावचे नाचे आणि सर्वांची एक पंगत एवढे पुरेसे आहे. मावळ्यांचा वेश मात्र गडावरच्या इतिहासात राहू द्यावा.